वर्गाचें दार उघडें ठेवा

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या शिक्षक-पालक सभेंत प्रमुख धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



आपल्या धर्मग्रामाला पन्नास वर्षें पूर्ण झालीं. त्याबद्दल देवाचे आभार मानण्यासाठीं या वर्षीं आपण अनेक वेळां एकत्र आलों. पवित्र मिस्सा झाली, मिरवणूक झाली, वयोवृद्धांचा सत्कार झाला. परंतु आजची सभा मला विशेष प्रिय आहे. कारण या धर्मग्रामाचीं पुढील पन्नास वर्षें ज्यांच्या हातीं आहेत, त्या मुलांविषयीं बोलण्यासाठीं ती भरली आहे. मला दिलेला विषय असा आहे, कीं मुलांच्या अंगीं जी निर्मितिशक्ति देवानें ठेविली आहे, तिला वर्गांत उत्तेजन कसें द्यावें.

विषय मोठा आहे आणि मी शिक्षणशास्त्राचा पंडित नव्हे. सेमिनरींत मीं तत्त्वज्ञान व ईश्वरविद्या यांचा अभ्यास केला. अध्यापनाची पदवी माझ्यापाशीं नाहीं. तरी गेलीं सत्तावीस वर्षें रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गाशीं माझा संबंध आहे, आणि त्या अवधीच्या आरंभींच माझ्या हातून घडलेली एक चूक मला अजून बोचते. आज प्रथम तीच आपणांपुढें ठेवितों.

मला दीक्षा मिळून दोनच वर्षें झालीं होतीं व दुसऱ्या एका धर्मग्रामांत मी सहायक होतों. प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकारणाऱ्या मुलांची परीक्षा मला घ्यावयाची होती. मीं त्यांना दयाळू शोमरोन्याचा दाखला सांगावयास सांगितला. पांचसहा मुलांनीं तो पुस्तकांतल्या शब्दांत, एकही शब्द न चुकवितां, म्हणून दाखविला. मग एक नऊ वर्षांचा मुलगा उभा राहिला. तो वाडीवाल्याचा मुलगा होता, आणि आपल्या घरच्या बोलींतच तो बोलूं लागला.

त्याच्या गोष्टींतला मनुष्य यरुशलेमहून यरीहोस जात नव्हता. तो दादरला फुलें विकून पहिल्या गाडीनें परत येत होता, आणि बावखलाच्या कांठीं चोरांनीं त्याला मारून, पैसे घेऊन, टाकून दिलें होतें. त्या वाटेनें प्रथम फादर आले. परंतु त्यांना मिस्सेला उशीर होत होता, म्हणून ते निघून गेले. मग धर्मशिक्षणाचे मास्तर आले. त्यांचे कपडे नुकतेच इस्त्री केलेले होते, म्हणून तेही निघून गेले. शेवटीं सायकलवरून पाव विकणारा परप्रांतीय मनुष्य आला. त्यानें पावांची टोपली रस्त्यावर उतरून ठेविली, जखमी माणसाला सायकलवर बसविलें आणि दवाखान्यांत नेलें. डॉक्टरांना तो म्हणाला, कीं पैसे संध्याकाळीं आणून देतों, पाव विकले म्हणजे.

सर्व वर्ग हंसला. मास्तरही ओठांत हंसले. मी मात्र हंसलों नाहीं. "पुस्तकांत आहे तसें सांग, नाहीं तर खालीं बस," असें मी म्हणालों. मुलगा खालीं बसला. त्या दिवशीं आपण वर्गाची शिस्त राखिली, असें मला समाधान वाटलें.

सज्जनहो, त्या दिवशीं खरोखर काय घडलें, हें कळावयास मला पुष्कळ वर्षें लागलीं. प्रभूच्या मूळ दाखल्यांतही जखमी माणसाला टाळून जाणारा पहिला मनुष्य याजकच आहे, आणि मदतीला येतो तो ऐकणाऱ्यांना परका व हलका वाटणारा मनुष्य आहे. तो दाखला प्रथम ज्यांनीं ऐकला, त्यांतल्या कित्येकांच्या कपाळावर माझ्यासारख्याच आंठ्या पडल्या असतील. जीं मुलें पुस्तकांतले शब्द म्हणत होतीं, त्यांना दाखला पाठ होता; या मुलाला तो कळला होता. आणि त्यांतला याजक कोण, हें मीं त्याच घटकेस आपल्या वागण्यानें दाखवून दिलें. मीही घाईंतच होतों, आणि टाळून पुढें निघून गेलों.

निर्मितिशक्ति हा शब्द उच्चारला, कीं आपल्या डोळ्यांपुढें स्नेहसंमेलन उभें राहतें. रंगीत कपडे, नाच, भिंतीवर लाविलेलीं चित्रें. तेंही चांगलें आहे. परंतु तें वर्षांतून एकदां होतें आणि बहुधा मोठ्यांनींच बसविलेलें असतें. मी ज्या शक्तीविषयीं बोलतों आहे, ती रोजची आहे. जें शिकलें तें आपल्या जगण्यांत आणून, आपल्या रूपानें परत देणें, ही ती शक्ति. फुलें विकणारा बाप, बावखल व पाववाला यांच्या साहाय्यानें जो मुलगा शुभवर्तमान पुन्हां सांगतो, त्यानें नवीन कांहीं निर्माण केलें आहे; आणि तसें करितांना मूळ सत्याला त्यानें धक्काही लाविला नाहीं.

ही शक्ति आम्हांला देवाच्या प्रतिरूपाबरोबरच मिळाली आहे. उत्पत्तीच्या पुस्तकांत एक लहानसा प्रसंग आहे, तो आपण सहसा लक्षांत घेत नाहीं. देवानें पशुपक्षी निर्माण केले; परंतु त्यांचीं नांवें स्वतः ठेविलीं नाहींत. त्यानें ते मनुष्यापुढें आणिले, आणि हा त्यांना काय नांव देतो, हें पाहण्यासाठीं तो थांबला. जो सर्वज्ञ आहे तोही विद्यार्थ्याच्या उत्तरासाठीं थांबतो! मग आम्ही शिक्षकांनीं तीन क्षण थांबूं नये काय? प्रश्न विचारून, मुलाचें तोंड उघडण्यापूर्वींच उत्तर आम्हीच सांगून मोकळे होतों.

प्रभु येशूची शिकविण्याची रीत पाहा. मोहरीचा दाणा, पेरणारा शेतकरी, पिठांतलें खमीर, हरवलेलें नाणें, मासे पकडण्याचें जाळें, यांवांचून तो क्वचितच बोलला. ऐकणाऱ्यांच्या घरांत व शेतांत जें होतें तेंच त्यानें उचललें; आणि पुष्कळदां गोष्टीच्या शेवटीं उत्तर न देतां त्यांनाच प्रश्न विचारिला. शोमरोन्याचा दाखलाही प्रश्नानेंच संपतो. तो स्वतः बारा वर्षांचा असतां मंदिरांत गुरुजनांच्या मध्यें बसून ऐकत होता व प्रश्न विचारीत होता, असें संत लूक सांगतात. त्या गुरुजनांनीं "खालीं बस" म्हटलें नाहीं, एवढें तरी त्यांचें श्रेय आपण त्यांना दिलें पाहिजे.

आमच्या मराठी ख्रिस्ती परंपरेंतही असा शिक्षक होऊन गेला. फादर थॉमस स्टीफन्स हे मूळचे इंग्लंडचे येशूसंघीय १५७९ सालीं गोव्यास आले. येथील लोकांना पुराणें ऐकण्याची गोडी आहे, हें त्यांनीं पाहिलें. ते त्या लोकांची भाषा शिकले, त्यांचा ओवीछंद शिकले, आणि सुमारें अकरा हजार ओव्यांचें ख्रिस्तपुराण रचून १६१६ सालीं राचोल येथें छापविलें. गुरूनें प्रथम शिष्याची भाषा शिकावी, मग शिष्याला आपली विद्या शिकवावी, हा क्रम त्यांनीं घालून दिला. त्याच शतकांत याच वसईंत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया जपानांत गेले, जपानी भाषा शिकले आणि त्या लोकांना त्यांच्याच भाषेंत श्रद्धा शिकवूं लागले. १५९७ सालीं नागासाकी येथें त्यांनीं रक्तसाक्ष दिली. त्या परदेशीं त्यांनीं तेथील मुलांना "आधीं वसईची बोली शिका" असें सांगितलें असतें, तर काय झालें असतें?

परंतु कोणी म्हणेल, कीं फादर, हीं संतांचीं व पंडितांचीं उदाहरणें झालीं. आमच्या वर्गांत पन्नास मुलें, एक फळा व संपवावयाचा अभ्यासक्रम, तेथें हें कसें साधावें? त्यासाठीं दूर जावयास नको. आपल्याच पालघर जिल्ह्यांत, डहाणूच्या गाडीनें जाऊन पुढें थोडें चढलें म्हणजे, कोसबाडची टेकडी आहे. तेथें व शेजारच्या बोर्डी गांवीं दोन बाईंनीं जें करून दाखविलें, तें आपण लक्षपूर्वक पाहूं.

ताराबाई मोडक यांचा जन्म १८९२ सालचा. भावनगर येथें त्यांनीं गिजुभाई बधेका यांच्यासमवेत बालशिक्षणाचें काम केलें. गिजुभाई मूळचे वकील. लहान मुलांच्या प्रेमानें शिक्षक झालेले. १९२६ सालीं या दोघांनीं नूतन बालशिक्षण संघ स्थापिला. त्यांची स्फूर्ति बव्हंशीं डॉक्टर मारिया माँटेसोरी या इटालियन कॅथलिक बाईंपासून आलेली होती. या बाईंनीं १९०७ सालच्या ६ जानेवारीस, म्हणजे प्रकटीकरणाच्या सणाच्या दिवशीं, रोम शहरांतील मजुरांच्या वस्तींत आपलें पहिलें बालगृह उघडलें होतें. मूल हें भरावयाचें रिकामें भांडें नव्हे. त्याचे हात व डोळे यांना काम मिळालें, कीं तें स्वतः शिकतें, असें त्यांनीं दाखविलें. पुढें १९३९ सालीं त्या मद्रासला आल्या, आणि महायुद्धाचीं वर्षें त्यांनीं याच देशांत काढिलीं.

१९४५ सालीं ताराबाई बोर्डीस आल्या व तेथें त्यांनीं ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलें. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. अनुताई बालविधवा होत्या. कष्टानें शिकून शिक्षिका झालेल्या. पुढें १९५७ सालीं हें काम कोसबाडच्या टेकडीवर गेलें. बालवाडी उघडली, परंतु आदिवासी पाड्यांतलीं मुलें तेथें येतना. कांहीं लहान भावंडांना सांभाळीत, कांहीं गुरांमागें रानांत जात. अशा वेळीं आम्ही काय म्हणतों? "या लोकांना शिक्षणाची आवडच नाहीं!" ताराबाईंनीं तसें म्हटलें नाहीं. मूल शाळेंत येत नसेल तर शाळेनें मुलाकडे जावें, असें त्यांनीं ठरविलें. शाळा पाड्यावरच्या अंगणांत गेली, ती अंगणवाडी. गुरें चरतात त्या कुरणावर गेली, ती कुरणशाळा. मुलांना न्हाऊं घालणें, नखें कापणें, केंस विंचरणें, हाही तेथें अभ्यासच होता. सन १९७५ पासून देशभर उभ्या राहिलेल्या सरकारी केंद्रांवर अंगणवाडी हेंच नांव आज आपण वाचतों.

माँटेसोरीबाईंचीं साधनें सुंदर होतीं. पण महाग होतीं. पाड्यावर तीं कोठून आणावीं? मग बिया, शिंपले, खडे, पानें, काड्या, माती हींच साधनें झालीं. बियांनीं गणित, पानांनीं आकार, गाण्यांनीं भाषा. येथें माझ्या मतें आजच्या विषयाचें मर्म आहे. त्या बाईंजवळ पैसा थोडा होता, म्हणून त्यांना डोकें चालवावें लागलें. आणि त्यांनीं डोकें चालविलें, म्हणून मुलांचेंही चालूं लागलें. शिक्षकानें स्वतः कांहीं शोधल्यावांचून मुलांना शोधावयास शिकवितां येत नाहीं. त्या दोघी ख्रिस्ती नव्हत्या. परंतु बालकांना आपल्याकडे येऊं देण्याविषयीं प्रभूनें शिष्यांना बजावलें होतें, आणि या बाईंनीं तर बालकांच्या दारीं जाऊन तें केलें. सरकारनें ताराबाईंना १९६२ सालीं पद्मभूषण व अनुताईंना १९८५ सालीं पद्मश्री देऊन गौरविलें. ताराबाई १९७३ सालीं व अनुताई १९९२ सालीं निवर्तल्या.

त्याच डहाणू तालुक्यांतली आणखी एक गोष्ट ऐका. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांचा जन्म १९३४ सालचा. बालपणींच आई गेली, आणि त्या धक्क्यानें मुलाचें बोलणें बंद झालें. तें मूल धुळींत रेघा ओढून आपल्या मनांतलें सांगूं लागलें. वारली समाजांत लग्नाच्या वेळीं गेरूनें सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठानें चित्रें काढण्याचें काम स्त्रियांचें. या मुलानें तें आपलें मानलें, आणि मोठेपणीं तेंच कागदावर आणून जगभर नेलें. २०११ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ सालीं त्यांचें निधन झालें. आतां आपण स्वतःला एक प्रश्न विचारूं. तें मुकें मूल आपल्या वर्गांत मागच्या बांकावर बसलेलें असतें, आणि त्यानें वहीच्या समासांत आकृती काढिल्या असत्या, तर आपण काय केलें असतें? मला भीति वाटते, कीं "वही घाण केली" असा शेरा आपण लाल शाईनें लिहिला असता.

आतां आपल्या मनांतल्या शंकांकडे वळतों. कारण त्या खऱ्या आहेत.

पहिली शंका पाठांतराची. मी पाठांतराचा शत्रु नाहीं. पाढे, प्रार्थना, कविता पाठ असाव्या. मृत्युशय्येवरील वृद्धांच्या ओठांवर लहानपणीं पाठ केलेलें नमन येतांना मीं कितीदां पाहिलें आहे. त्या घडीला दुसरें कांहींच कामीं येत नाहीं. परंतु पाठांतर हें पेटींत ठेवलेलें बीं आहे. तें पेरलें पाहिजे. मुलानें प्रार्थना पाठ म्हटली, कीं त्याला विचारा, "आज तुला देवाजवळ कोणासाठीं मागावेंसें वाटतें?" एवढ्यानें बीं जमिनींत पडतें.

दुसरी शंका शिस्तीची. मुलें बोलूं लागलीं, कीं गोंगाट होतो. खरें आहे. परंतु माळ्याला विचारा. बी उगवतांना माती फुटतेच. धाकानें आलेली शांतता आणि कामांत गढल्यानें आलेली शांतता यांतला भेद कोणताही अनुभवी शिक्षक दारांतून ऐकून सांगूं शकेल. शिवाय मुलाला मारणें व त्याचा मानसिक छळ करणें आतां कायद्यानेंही निषिद्ध आहे. २००९ सालचा शिक्षणहक्क कायदा, जो १ एप्रिल २०१० पासून अमलांत आला, तो असेंही सांगतो, कीं मुलानें कृतींतून, शोधांतून शिकावें, आणि शक्य तेथवर मातृभाषेंतून शिकावें. म्हणजे कोसबाडला जें प्रेमानें झालें, तेंच आतां कायद्यानें मागितलें आहे.

तिसरी शंका वेळाची. शिक्षकांवर किती कामें लादलेलीं असतात, हें मी जाणतों. मतदारयाद्या, गणना, नोंदी, अहवाल. त्यांतून उरलेल्या वेळांत अभ्यासक्रम संपवावयाचा. म्हणून मी मोठें कांहीं मागत नाहीं. आठवड्यांतून एक तास पुरे. पण तो तास खरोखर मुलांचा असावा.

त्या तासांत काय करावें? आपल्या वसईंत साधनांची वाण नाहीं. गणिताच्या तासाला कोळ्यांच्या घरचें मूल आईनें मासळीचे वाटे कसे घातले तें सांगेल. वाडीवाल्याचें मूल केळ्यांच्या घडाला किती फण्या आणि फणीला किती केळीं, हें मोजून आणील. मिठागर पाहिलेल्या मुलाला बाष्पीभवन हा शब्द भिववीत नाहीं. समुद्राचें पाणी उन्हांत आटून मीठ उरतें, हें त्याच्या डोळ्यांपुढेंच असतें. इतिहासाच्या तासाला १७३९ हें साल फळ्यावर लिहून मुलांकडून घोकून घेण्यापूर्वीं त्यांना वसईच्या किल्ल्यांत न्या, आणि विचारा, कीं याला एक दरवाजा समुद्राकडे व एक जमिनीकडे कां ठेविला असेल? कोण कोठून येत असेल? कोणाची भीति असेल? मुलें चुकीचीं उत्तरें देतील. देऊं द्या. चुकलेल्या उत्तराचा पाठलाग करीत मूल जेथें पोहोंचतें, तेथें आपलें तयार उत्तर त्याला कधीं नेत नाहीं.

आणखी एक काम सुचवितों. आपल्या गांवांत पूर्वीं किती बावखलें होतीं, हें मुलांनीं आजी-आजोबांना विचारून यावें आणि गांवाचा नकाशा काढून त्यांत दाखवावें. कोणतें बुजलें, कोणतें उरलें? पावसाचें पाणी त्यांत सांठून विहिरींना कसें मिळत असे? २०१८ सालच्या जुलैंत आपल्या घरांत पाणी शिरलें, तें कोणत्या वाटेनें आलें? या एका नकाशांत भूगोल आहे, विज्ञान आहे, भाषा आहे, वृद्धांचा मान आहे. आणि ज्या गांवांत पुढें या मुलांना राहावयाचें आहे, त्या गांवाची काळजीही आहे. असा नकाशा ज्यानें हातानें काढिला, तो मोठेपणीं बावखल बुजवितांना एकदां तरी विचार करील.

भाषेविषयीं दोन शब्द बोलणें अवश्य आहे. आपल्या घरांत कोणी सामवेदी बोलतो, कोणी वाडवळी, कोणी कोळ्यांची बोली. शाळेंत प्रमाण मराठी येते, आणि आतां पुष्कळ घरांतून इंग्रजी माध्यम आलें आहे. मी कोणत्याही मातापित्यांना त्यांच्या निवडीबद्दल दोष देत नाहीं. मुलांच्या पोटाची चिंता त्यांना माझ्यापेक्षां अधिक आहे. परंतु मुलाला प्रथम जें सुचतें तें घरच्या बोलींत सुचतें. वर्गाच्या दारांत ती बोली जोड्यांबरोबर बाहेर काढून ठेवावयास लाविली, तर तिच्याबरोबर त्याचें सुचणेंही बाहेर राहतें. त्याला आधीं आपल्या बोलींत सांगूं द्या. मग तेंच मराठींत कसें म्हणावें, इंग्रजींत कसें म्हणावें, तें शिकवा. त्यानें भाषा बिघडत नाहीं. उलट एका मुलाला तीन भाषा येतात. २०२० सालच्या राष्ट्रीय शिक्षणधोरणानेंही निदान पांचवीपर्यंत शक्य तेथें मातृभाषा वा घरची भाषा हें शिक्षणाचें माध्यम असावें, असें म्हटलें आहे.

पालकांना माझी एकच विनंति आहे. मूल घरीं आलें, कीं "किती गुण मिळाले?" हा आपला पहिला प्रश्न असतो. तो दुसरा करा. पहिला प्रश्न असा असूं द्या, "आज वर्गांत तूं काय बोललास?" तें कांहींच बोललें नसेल, आणि असें आठ दिवस चाललें, तर शिक्षकांकडे प्रेमानें जाऊन विचारा. आणखी एक गोष्ट. वक्तृत्वस्पर्धेचें भाषण बाप लिहितो, आई पाठ करून घेते आणि बक्षीस मूल आणतें, ही रीत आपण या महोत्सवी वर्षांत तरी बंद करूं. मुलानें आपलीं चार वाक्यें मोडकीतोडकी म्हटलीं, तरी तीं त्याचीं असतील.

धर्मग्रामाच्या वतीनें मीही आपला वाटा उचलतों. पुढील महिन्यापासून दर शनिवारीं दुपारीं आपल्या सभागृहाची मागची खोली मुलांसाठीं उघडी राहील. तेथें माती, कागद, रंग, लाकडाचे तुकडे व थोडीं हत्यारें असतील. आपल्यांतले सुतार, माळी, जाळें विणणारे व फुलांच्या वेण्या करणाऱ्या आजी यांना मी हात जोडून बोलावितों. या खोलींत परीक्षा नाहीं व बक्षीस नाहीं. धर्मशिक्षणाच्या वर्गांत यापुढें प्रत्येक दाखला मुलांनीं आपल्या शब्दांत एकदां पुन्हां सांगावयाचा, असा नियम मीं स्वतःपुरता केला आहे. त्यांत फादरांची फजिती झाली, तरी चालेल.

आतां आरंभीं सांगितलेल्या मुलाकडे वळून भाषण संपवितों. दोन वर्षांपूर्वीं एक गृहस्थ आपल्या लहान मुलीचें नांव धर्मशिक्षणाच्या वर्गांत घालण्यासाठीं माझ्याकडे आले. नांव ऐकतांच मीं ओळखलें. मीं विचारलें, "तुम्ही लहानपणीं सांगितलेली शोमरोन्याची गोष्ट आठवते काय?"

ते म्हणाले, "नाहीं, फादर. गोष्ट कांहीं आठवत नाहीं. तुम्ही 'खालीं बस' म्हणालात, तेवढें आठवतें. त्यानंतर मीं वर्गांत कधीं हात वर केला नाहीं."

त्यांच्या बोलण्यांत राग नव्हता, आणि म्हणूनच मला उत्तर सुचेना. मीं त्यांची क्षमा मागितली. मग त्यांची गोष्ट मीं त्यांनाच सांगितली. फुलें विकणारा मनुष्य, बावखल, मिस्सेला उशीर झालेले फादर, पाववाला, सगळी. ते ऐकत राहिले. "हें मी म्हणालों होतों?" असें त्यांनीं दोनदां विचारलें. बापाचा हात धरून उभी असलेली सात वर्षांची मुलगी तोंवर गप्प होती. ती एकाएकीं म्हणाली, "फादर, मग रस्त्यावर ठेवलेले पाव कोणी नेले?"

मला उत्तर ठाऊक नव्हतें. पुढच्या रविवारीं मीं तोच प्रश्न वर्गाला विचारला. अर्धा तास मुलें बोलत होतीं. कोणी म्हणालें, चोर परत आले व त्यांनीं नेले. कोणी म्हणालें, कावळ्यांनीं खाल्ले. एक मुलगा म्हणाला, कीं गांवच्या लोकांनीं ते सगळे विकत घेतले आणि पैसे टोपलींत ठेविले, म्हणून तर त्याला संध्याकाळीं डॉक्टरांचे पैसे देतां आले. मी मुकाट्यानें मागच्या बांकावर जाऊन बसलों. इतक्या वर्षांत या दाखल्यावर मीं अनेक प्रवचनें केलीं. पण त्या गांवच्या लोकांचा विचार माझ्या मनांत कधीं आला नव्हता.

शिक्षकबंधुभगिनींनो, आपल्यापैकीं प्रत्येकाच्या वर्गांत असें एखादें मूल बसलेलें आहे. त्याच्यासाठीं दार उघडें ठेवण्याची बुद्धि, व त्याचें ऐकण्याइतकी नम्रता, प्रभु आपणां सर्वांस देवो, आणि आपल्या धर्मग्रामाच्या मुलांस आपल्या छायेंत वाढवो, हीच माझी प्रार्थना आहे.